मुक्या पोवाड्याचा झीलकरी

पोवाड्यात शाहीर एक ओळ म्हणतो आणि मागं उभा असलेला माणूस 'जी जी रं जी जी' म्हणतो. त्या मागच्या माणसाला झीलकरी म्हणतात. शाहीर अप्पारावांच्या मागं गेली सत्तावीस वर्षं उभा असलेला तो माणूस म्हणजे मी, कडुबा. तुम्ही आमचा कार्यक्रम बघितला असेल तर तुम्हाला शाहीर आठवतील, त्यांचा फेटा आठवेल, डफ आठवेल. मी आठवणार नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं नसणं हाच माझा धंदा आहे.

पण या धंद्यात एक खोट आहे. सवय अंगात मुरते. समोरच्यानं वाक्य संपवलं की माझी मान आपोआप हलते आणि तोंडातून होकार बाहेर पडतो. त्यामुळे गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाणी गाळायची तीन यंत्रं आहेत. मागच्या निवडणुकीत मी एकाच दिवशी दोन पक्षांत प्रवेश केला, सकाळी एकात आणि दुपारी दुसऱ्यात, आणि दोन्हीकडे हार घालून घेतले. माझी बायको रत्नमाला म्हणते, "देवानं समद्यायला 'नाय' वाटलं तवा तुमी कुठं मेंढरं हाकत होता?" माळावरच हाकत होतो. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. माझा आवाज तिथं तयार झाला. एका हाकेत दोनशे मेंढरं वळायची. मग अप्पारावांनी ती हाक ऐकली आणि मला मेंढरांमागून काढून स्वतःच्या मागं उभं केलं.

तर झालं असं, की दिवाळीपासून शाहिरांचा घसा बसला. वरच्या पट्टीत गेले की आवाजाची सालं निघायची. आधी त्यांनी हवेला दोष दिला, मग माइकला, मग रस्ता खोदून ठेवणाऱ्यांना, मग माझ्या झिलीला. फेटासुद्धा बदलून पाहिला. शेवटी सूतगिरणी चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात कलावंतांसाठी मोफत आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा मी त्यांना ओढत नेलं.

दारातच फॉर्म होता. कलावंताचा प्रकार: गायक, वादक, नर्तक, इतर. शाहीर गायकांच्या रांगेत गेले. आमचा ढोलकीवाला हनुमान वादकांच्या रांगेत गेला, तिथं मनगटं दाबून बघत होते. मी टेबलावरच्या मुलीला विचारलं, "झीलकरी कुठं?" तिनं यादी वरून खाली बघितली, खालून वर बघितली आणि म्हणाली, "तुम्हाला 'इतर'मध्ये टाकू का?" मी अर्थातच मान हलवली. इतरांच्या रांगेत एक जादूगार होता, पडदा ओढणारा एक माणूस होता आणि नाटकात घोड्याचे मागचे पाय होणारे एक गृहस्थ होते. इतरांचं वजन केलं आणि प्रत्येकाला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. घसा कुणी बघितला नाही. घोड्याच्या मागच्या पायांना घसा लागत नाही, हे खरंच आहे.

तिकडे डॉक्टर विशाखा मॅडमनी शाहिरांच्या घशात बारीक कॅमेरा घातला होता. पडद्यावर दोन गाठी दिसत होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

"काका, पंचेचाळीस दिवस मौन," मॅडम म्हणाल्या. "बोलायचं नाही, गायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. खाकरायचं नाही. ठेचा बंद, भजी बंद. ऐकलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल, आणि ऑपरेशननंतर हाच आवाज परत मिळेल अशी खात्री मी देणार नाही."

शाहिरांनी काही बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं. शाहिरांनी तोंड मिटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोवाड्यात गड जिंकताना, वीर पडताना मी त्यांना हजारदा रडताना बघितलं होतं, पण ते सगळं कामाचं रडणं. हे वेगळं होतं. मला भीती वाटली. त्यांचा आवाज गेला तर त्यांचं काय होईल ही भीती होतीच, पण खरं सांगतो, त्याहून मोठी भीती माझी मला होती. तो माणूस ओळ म्हणाला नाही तर मी कुणाला 'जी' म्हणू?

घरी जाताना मी त्यांना पाटी आणि खडू घेऊन दिला. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'कार्यक्रम रद्द कर.' मी ते मोठ्यानं वाचलं आणि शेवटी 'जी जी रं जी जी' म्हणालो. रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

आता गंमत अशी, की शाहीर गप्प म्हटल्यावर त्यांचा फोन माझ्याकडे आला. म्हणजे कार्यक्रम रद्द करायचं काम ज्या माणसाला आयुष्यात एकदाही 'नाही' म्हणता आलं नव्हतं, त्याच्या हाती गेलं. पहिला फोन सिल्लोडचा.

"काय म्हन्ता, आवाज बंद?" तिथला आयोजक म्हणाला. "आवाजाला काय करायचंय? डीजे हाये आपल्याकडं. पत्रिकेत शायराचा फोटो छापलाय. मानूस आला पाह्यजे. येतेत ना?"

"येतेत ना जी," मी म्हणालो.

शाहिरांनी पाटीवर मला जे लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण शब्द गेला तो गेला. आम्ही सिल्लोडच्या मार्केट यार्डात उभे राहिलो. समोर मक्याच्या पोत्यांवर माणसं बसलेली. शाहीर फेटा बांधून, डफ घेऊन पुढं आले. हनुमाननं ढोलकी धरली. शाहिरांनी हात वर केला, छाती फुगवली, डोळे मोठे केले आणि तोंड न उघडता एक अख्खी ओळ म्हटली. म्हणजे काहीच म्हटलं नाही. पण ओळीची लांबी मला पाठ होती. ती जिथं संपायची तिथं ती संपली, आणि माझ्या तोंडून निघालं, 'जी जी रं जी जी!'

आधी शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "माइक चालू करा बे!" मग शाहिरांनी दुसरी ओळ तशीच म्हटली. मी झील दिली. तिसऱ्या ओळीला शिट्ट्या थांबल्या. दहाव्या ओळीला मार्केट यार्डात फक्त ढोलकी, आणि मध्येमध्ये मी. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ पोत्यावरून उतरले, शाहिरांचे हात धरले आणि हमसून रडायला लागले.

"काय बोल्ले शाहीर! माह्या भावाचं समदं काढलं त्यांनी. बांध कोरला त्येनं, त्येबी बोल्ले."

थोड्या वेळानं त्यांचा भाऊ आला. तोही रडत होता. शाहिरांनी थोरल्याची लबाडी चारचौघांत सांगितली म्हणून त्याला बरं वाटलं होतं. दोघं एकमेकांकडे न बघता दोन फटफट्यांवरून एकाच गावाला गेले.

हे कसं पसरलं ते मला विचारू नका. एका पोरीनं मोबाइलवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागला. 'मुका पोवाडा' असं नावही लोकांनीच दिलं. लासूर स्टेशनच्या तात्यासाहेबांनी बोलावलं. तात्यासाहेब म्हणजे तिथले पुढारी. कार्यक्रम संपल्यावर ते म्हणाले, "माझ्या कामाचा एवढा सविस्तर आढावा आजवर कुणी घेतला नव्हता." दुसऱ्या दिवशी त्यांच्या विरोधकाचा फोन आला. तात्यासाहेबांना तोंडावर एवढं सुनावणारा मर्द त्यांनी पहिल्यांदा बघितला होता, म्हणून त्यांनाही तोच कार्यक्रम हवा होता. येतेत ना? येतेत ना जी.

वाळूजच्या एका कंपनीतून मोनिका नावाच्या मॅडमनी फोन केला. त्यांच्याकडे कामगारांच्या मनःस्वास्थ्याचा सप्ताह होता. तिथं चारशे माणसं डोळे मिटून बसली आणि शाहीर त्यांच्यासमोर गड चढत राहिले. मध्यंतरात मोनिका मॅडम माझ्याकडे आल्या. "सर, एक रिक्वेस्ट होती. ते जी जी थोडं सॉफ्ट करता येईल का? लोक दचकतायत." मी मऊ करतो म्हणालो. तुम्हाला सांगतो, मेंढरं वळवणारा आवाज मऊ काढायचा म्हणजे बैलगाडी पायरीवरून हळू उतरवायची. सगळा भार घशावर येतो.

पण घशाकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? कधी दिवसाला दोन कार्यक्रम, कधी तीन. आधी पोवाड्यात तीन वाटे शाहीर गायचे आणि एक वाटा मी. आता जो काही आवाज व्हायचा तो माझाच. शाहीर दुपारी नाकातोंडात वाफ घ्यायचे, मधाचं पाणी प्यायचे, उशी उंच करून झोपायचे. त्यांचा चेहरा लहान बाळासारखा तुकतुकीत झाला होता. मी त्यांची वाफेची पातेली उचलायचो आणि पुढचा फोन घ्यायचो. शाहीर पाटीवर लिहायचे, 'नाही म्हण.' मी मान हलवायचो आणि फोनवर हो म्हणायचो.

एकदा त्यांनी रागानं पाटी आपटली. मग तुकडा उचलून त्यावर लिहिलं, 'यांना माझा आवाज नकोच आहे का रे?'

ते मी मोठ्यानं वाचलं नाही. कारण खरं होतं. दिवस मोजत बसलेला तो माणूस आवाजासाठी जीव मुठीत धरून होता, आणि इकडे लोक त्या आवाजावाचून खूश होते. त्या एका वाक्याला मी झील दिली नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचा आवाज कसा येतोय बघा," त्या दिवशी रत्नमाला म्हणाली. "फाटक्या पत्र्यावानी. त्या डॉक्टरीनबाईला तुमीबी दाखवा की."

"हो, दाखवतो," मी म्हणालो. तिलाही होच.

पंचेचाळिसाव्या दिवशी डॉक्टर विशाखा मॅडमनी पुन्हा कॅमेरा घातला. घसा स्वच्छ. गाठींचं नाव नाही. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून पडदा दाखवला. "बोला काका," त्या म्हणाल्या. "आता बोला."

शाहिरांनी घाबरत घाबरत तोंड उघडलं. "बोलू?" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. आवाज चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा लख्ख झाला होता. मलाही रडू आलं. मी 'जी' म्हणायला गेलो तर नुसती खरखर झाली. गळा दाटून आला असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लासूर स्टेशनला तात्यासाहेबांचा वाढदिवस होता. मार्केट यार्ड माणसांनी भरलेलं. फलकावर शाहिरांचा फोटो आणि खाली 'सुप्रसिद्ध मुका पोवाडा.' शाहिरांनी फलक वाचला.  मग फेटा सोडून पुन्हा घट्ट बांधला.

ढोलकी सुरू झाली. शाहीर पुढं झाले, हात वर केला आणि गायले. पहिली ओळ, खणखणीत, यार्डाच्या पत्र्यापर्यंत.

लोक दचकले. मग आवाज सुरू झाले. "ओ शायर, आवाज नको!" "मुका लावा, मुका!" पुढच्या खुर्चीतून तात्यासाहेबांनी चिठ्ठी पाठवली, 'कृपया गप्प राहावे ही नम्र विनंती.' शाहिरांनी चिठ्ठी वाचली, कमरेला खोचली, आणि तीच ओळ पुन्हा गायले. पहिल्यापेक्षा वर. आणि थांबले.

ते माझ्यासाठी थांबले होते. ओळ वर फेकलेल्या चेंडूसारखी असते, खाली कुणाला तरी झेलावी लागते. सगळं यार्ड एका बाजूला आणि शाहीर एकटे दुसऱ्या बाजूला. त्या घटकेला त्यांच्या बाजूनं आवाज द्यायला जगात मी एकटा होतो.

मी तोंड उघडलं. घशातून हवा आली. सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यावर येते तशी. मी पुन्हा जोर लावला. हवाच.

हनुमाननं ढोलकीचं एक आवर्तन वाढवलं, मग अजून एक. आणि मग शाहीर वळले. मी त्यांची पाठ सत्तावीस वर्षं बघितली, तिच्यावरचा प्रत्येक घामाचा डाग मला माहीत आहे. पण चालू पोवाड्यात ते कधी मागं वळले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कडुबा," ते म्हणाले, "तुहे केस कवा पिकले रं?"

मी तोंड हलवलं. त्यांनी डफ खाली ठेवला, पाण्याचा तांब्या स्वतः उचलून माझ्या तोंडाला लावला आणि मला दंडाला धरून मंचावरून खाली उतरवलं. मागं टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यासाहेब डोळे पुसत आले. म्हणाले, "शेवट फार खोल होता. मला माझे वडील आठवले."

सकाळी शाहीर मला डॉक्टर विशाखा मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी कॅमेरा घातला. पडद्यावर मला दोन हरभरे दिसले.

"हा घसा इतका वापरला कुणी?" त्या म्हणाल्या. त्यांचा प्रश्न मला होता.

"मी," शाहीर म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. शाहीर खाली मान घालून उभे होते. मग मॅडमनी शिबिराच्या फायलीतून काढलेला माझा जुना फॉर्म शाहिरांनी ओढला, खिशातून पेन काढलं, 'इतर' खोडलं आणि 'गायक'समोर खूण केली. इतकी जोरात, की कागद फाटला. मला तेव्हा वाईट वाटलं की बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. सांगायला आवाजच नव्हता. माझ्यासाठीही पंचेचाळीस दिवस मौन. ठेचा बंद, भजी बंद. ऑपरेशनची भीती तीच, खात्री नसलेली.

फोन आता शाहिरांनी घेतला. त्यांचं 'नाय' मी कान देऊन ऐकायचो. छोटं, सरळ, मागंपुढं काही नाही. "नाय. जमनार नाय. नाय म्हन्लं ना." किती सोपं होतं ते! ढीगभर कार्यक्रम त्यांनी एका दुपारी उडवले. फक्त सिल्लोडचा एक राहिला. बांधावरून भांडणाऱ्या त्या दोन भावांनी मिळून बोलावलं होतं. शाहिरांना पुन्हा ऐकायचं म्हणून दोघं सहा वर्षांनी एकमेकांशी बोलले होते.

"त्यायला मुका पोवाडा पाह्यजे," शाहीर मला म्हणाले. "अन् मुका तर आता तूच हायेस. पुढं तू ऱ्हा."

मी माझी नवी पाटी घेतली आणि लिहिलं, 'काय म्हणू?'

"सत्तावीस वर्सांत जे म्हनायचं ऱ्हायलं आसल ते म्हन. मी हाये मागं."

त्यांनी स्वतःचा फेटा माझ्या डोक्याला बांधला. सैल झाला, माझं डोकं लहान आहे. रत्नमाला पहिल्या रांगेत बसली होती. माझा कार्यक्रम बघायला ती पहिल्यांदाच आली होती, कारण आजवर माझा कार्यक्रम नव्हताच. मी पुढं झालो. पुढं उभं राहिलं की काय दिसतं हे मला माहीत नव्हतं. माणसांचे चेहरे दिसतात. सगळे आपल्याकडेच बघत असतात. 

हनुमाननं ढोलकी धरली. मी हात वर केला आणि मनातल्या मनात, छाती फुगवून, पहिली ओळ म्हटली. नाही. मला तिसरं यंत्र नको. नाही, मला तुमच्या पक्षात यायचं नाही, तुमच्याही नाही. नाही, माझी झील मऊ होणार नाही. नाही, मी इतर नाही. आणि मग सगळ्यांत खालचं, ज्याच्यावर बाकी सगळं रचलेलं होतं, ते वर आलं. नाही शाहीर, एकदाही मागं वळून बघितलं नाहीत तुम्ही, हे बरं केलं नाही. हे म्हणताना मी रडत होतो. समोर रत्नमालाही रडत होती. तिला काय ऐकू आलं ते मी अजून विचारलेलं नाही.

ओळ संपली. आणि माझ्या पाठीमागून, माझ्या मानेला वाफ लागेल इतक्या जवळून, शाहीर अप्पारावांचा तो लख्ख आवाज आला.

"जी जी रं जी जी!"

मी दचकलो. ते अर्धी मात्रा आधी आले होते. दुसऱ्या ओळीलाही तसंच, तिसऱ्यालाही. एवढा मोठा शाहीर, पण त्यांना झील येत नव्हती. ती यायला थांबावं लागतं, आणि थांबायची त्यांना सवय नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागं मी पाटी घेतली आणि लिहिलं, 'अर्धी मात्रा लवकर येताय. उद्या सकाळी सातला रियाजाला या.'

शाहिरांनी चष्मा लावून ते वाचलं.

"जी," ते म्हणाले.